दहावा कामगार

वसई स्टेशनच्या पूर्वेकडून गोखिवऱ्याच्या रस्त्याने महामार्गाच्या दिशेला निघालं की तुंगारेश्वरचा डोंगर समोर उभा राहतो आणि गाळे सुरू होतात. वालीव, सातिवली, भोयदापाडा. एकाला एक लागून बांधलेले, लोखंडी शटरचे, पत्र्याच्या नाहीतर स्लॅबच्या छताचे गाळे. एकात प्लास्टिकची मोल्डिंग मशीन, शेजारच्यात प्रेस, पलीकडे पावडर कोटिंगची भट्टी, वरच्या पोटमाळ्यावर पॅकिंग. गाळा भाड्याचा, मशीन कर्जाचं, माल दुसऱ्याचा आणि काम जॉबवर्कचं, असं चित्र इथं नवं नाही.

या सातिवलीत कारखाने किती, असं कुणी विचारलं तर एकच आकडा देता येत नाही. मोजणाऱ्यांचा आळस हे त्याचं कारण नाही. कारखाना कशाला म्हणायचं हे प्रत्येक यादीने वेगळं ठरवलं आहे आणि या ठरवण्याचा इतिहास जवळपास दीडशे वर्षांचा आहे. त्याची सुरुवात इथून दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर, मुंबईच्या गिरण्यांत झाली.

मार्च १८७५ मध्ये मुंबई सरकारने गिरण्यांतल्या परिस्थितीची चौकशी करायला एक कमिशन नेमलं. मुंबईचे कलेक्टर आर्बथनॉट अध्यक्ष होते आणि सभासदांत गिरणीमालकांचाच भरणा होता. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईची स्पर्धा जाचू लागली होती. मुंबईत लहान मुलांना दिवसभर राबवून स्वस्त सूत काढलं जातं, ही त्यांची तक्रार. तिच्यामागे स्वार्थ होता, पण तक्रार खोटी नव्हती. कमिशनच्या बहुमताने कायद्याची गरज नाही असा निर्वाळा दिला. कायदा हवा असं म्हणणारे दोघेच, स्वतः आर्बथनॉट आणि डॉ. ब्लेनी. पुढे सोराबजी शापूरजी बंगाली यांनी कायद्यासाठी नेटाने पाठपुरावा केला आणि १८८१ साली हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी ॲक्ट झाला.

त्या कायद्याला कारखान्याची व्याख्या करणं भाग होतं, कारण व्याख्येशिवाय कायदा लावायचा कुठे? यांत्रिक शक्ती वापरली जाते, वर्षातून चार महिन्यांहून अधिक काळ काम चालतं आणि शंभर किंवा त्याहून जास्त माणसं कामाला आहेत, तो कारखाना. नीळ, चहा आणि कॉफीचे मळे वगळले. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी झाली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाचे नऊ तास ठरले. एवढंच. पण त्या व्याख्येतली शंभर ही संख्या पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ आहे. नव्याण्णव माणसांचा छापखाना, साठ माणसांची प्रेस, पाऊस संपल्यावर काही महिने चालणाऱ्या खानदेशातल्या सरकी काढायच्या गिरण्या, यांतलं काहीही त्या दिवसापासून सरकारच्या लेखी कारखाना उरलं नाही. खानदेशच्या जिनिंगमध्ये बायका हंगामात रात्रंदिवस कशा राबतात, हे पुढच्या कमिशनपुढच्या साक्षींत आलं. कायद्याच्या नजरेत मात्र तिथं कारखानाच नव्हता.

ते पुढचं कमिशन १८८४ चं. त्याच्यापुढे कामगारांचं म्हणणं मांडायला एक माणूस उभा राहिला. नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८ चा, ठाण्याचा. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन कमिशनला दिलं. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सूर्यास्ताला काम बंद, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला भरपाई. रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणी कामगारांच्या पदरात पडली. पुढच्याच वर्षी कायदा बदलला आणि कारखान्याची रेषा शंभरावरून पन्नासावर आली. स्थानिक सरकारला वाटलं तर ती वीसपर्यंतही खाली आणता येणार होती.

रेषा खाली येते म्हणजे काय होतं? तासांवर नियंत्रण येतं, इन्स्पेक्टर येतो, हे तर झालंच. पण त्याबरोबर एक वही उघडते. इन्स्पेक्टरला कुठे जायचं ते कळायला कारखान्यांची यादी लागते, आणि त्या यादीतून देशाच्या उद्योगाचे पहिले आकडे निघतात. कामगारांसाठी झालेला कायदा असा नकळत आकडेवारीचा पाया झाला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना हीच, आणि तिचा कुणी ठरवून निर्णय घेतलेला नव्हता.

जनगणनेची वाट वेगळी होती. १८७२ पासून ती माणसाला त्याचा धंदा विचारत होती. तो धंदा चालतो कुठे आणि तिथं आणखी किती जण आहेत, हा प्रश्न तिच्या कक्षेत नव्हता. १९११ मध्ये तिने तो पहिल्यांदा विचारला. धंद्यांच्या वर्गवारीसाठी फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ बर्तियाँ यांची पद्धत घेतली आणि जिथं वीस किंवा अधिक माणसं कामाला आहेत अशा ठिकाणांसाठी वेगळा तक्ता काढला. दहा वर्षांनी, १९२१ च्या गणनेत, त्या तक्त्याची मर्यादा दहावर आली. जनगणना कायद्याच्या पुढे होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कायद्याला वीसपर्यंत यायला १९२२ उजाडलं आणि दहापर्यंत यायला स्वातंत्र्य.

१९४८ चा फॅक्टरी ॲक्ट हाच पुढची अनेक दशकं चालला. वीज किंवा इतर शक्ती वापरत असाल तर दहा कामगार, वापरत नसाल तर वीस. मागच्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी एवढी माणसं कामाला असली तरी तो कारखाना. सरासरी घ्यायची नाही, कायम किती ते विचारायचं नाही. दिवाळीच्या आधीच्या गर्दीत एक दिवस दहा जण आले तरी पुरे. शिवाय त्याहून लहान जागाही कारखाना म्हणून जाहीर करायचा अधिकार कलम ८५ ने राज्य सरकारला दिला. ही व्याख्या ज्यांनी लिहिली त्यांना पळवाटा चांगल्या ठाऊक होत्या.

आकडे जमवण्याचा स्वतंत्र कायदा युद्धाच्या काळात, १९४२ साली आला, आणि १९४६ पासून कारखान्यांची वार्षिक गणना सुरू झाली. उद्योगांचे ६३ गट पाडले होते, त्यांतले २९ च प्रत्यक्षात हाती घेतले, तेही वीस किंवा अधिक कामगार आणि वीज असलेले. १९५३ च्या सांख्यिकी कायद्याने चौकट रुंदावली आणि १९५९ या वर्षापासून वार्षिक औद्योगिक पाहणी सुरू झाली. आजही देशाच्या कारखानदारीचे आकडे प्रामुख्याने तिच्यातून येतात. आणि तिची मूळ यादी कुठून येते? राज्याच्या कारखाना निरीक्षकांकडून. आपल्याकडे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून. शंभराच्या रेषेपासून निघालेली ती इन्स्पेक्टरची वहीच पुढे संख्याशास्त्रज्ञाच्या टेबलावर आली.

पुण्यात याच सुमारास एक वेगळा प्रयोग झाला होता. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी १९३० च्या दशकात पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेतली. तिचा पहिला भाग १९४५ ला प्रसिद्ध झाला, दुसरा १९५२ ला. त्यांनी चौकशी केली ती घरोघरच्या कुटुंबांकडे. त्यामुळे माजघरात विड्या वळणारी बाई आणि ओसरीवर भांडी ठोकणारा कारागीर पाहणीत आले. कारखान्याच्या दारावरून मोजणी सुरू केली असती तर ते आलेच नसते. गाडगीळ पुढे महालनोबीस आणि व्ही. के. आर. व्ही. राव यांच्यासोबत १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीवर गेले आणि राष्ट्रीय नमुना पाहणीच्या पहिल्या फेऱ्यांतही गोखले संस्थेचा हात होता. कारखाना दारावरून मोजायचा की घरातून, हा प्रश्न आजही तसाच आहे आणि सातिवलीत तो सगळ्यात जास्त बोचतो.

आता वर्गवारीकडे वळू. धंदा आहे की नाही हा एक प्रश्न. तो कसला आहे हा दुसरा. संयुक्त राष्ट्रांनी १९४८ मध्ये जगभरच्या उद्योगांची एक समान वर्गवारी ठरवली. तिच्या आधारे भारताने १९६२ ला स्वतःची बनवली आणि पुढे १९७०, १९८७, १९९८, २००४ आणि २००८ साली ती नवी केली. २००८ च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात पाच आकडे असतात. पहिले चार जगाशी जुळणारे, पाचवा आपला. या पाचव्या आकड्यात भारतीय जगणं शिरतं. विडीला तिथं स्वतंत्र जागा आहे, पापडाला आहे.

हे प्रत्यक्ष कसं चालतं ते एका गाळ्यावर करून पाहू. समजा, एका गाळ्यात स्टीलच्या ताटांचं प्रेसिंग होतं, म्हणजे गट २५९ मधली घरगुती धातूवस्तू. त्याच गाळ्यात दुसऱ्यांच्या कपाटांचे भाग पावडर कोटिंगसाठी येतात. तो वर्ग २५९२, धातूवरची प्रक्रिया आणि लेप. मालकाचा भाऊ दारातच जुन्या प्रेस मशीन दुरुस्त करून देतो. ती दुरुस्ती, विभाग ३३. गाळा एक, शटर एक, विजेचं मीटर एक आणि कोड तीन. नियम असा की ज्या कामातून सर्वांत जास्त मूल्यवृद्धी होते त्याचा कोड लावायचा. मूल्यवृद्धीचा हिशोब कुठल्या शेठकडे तयार असतो? म्हणून ते नसेल तर उलाढाल पाहायची, तीही नसेल तर माणसं किती गुंतली आहेत ते पाहायचं. जॉबवर्क असलं तरी कोड उत्पादनाचाच. माल दुसऱ्याचा असला म्हणून कारागीर सेवा क्षेत्रात ढकलला जात नाही. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. तो नसता तर वसईच्या निम्म्याअधिक गाळ्यांना कारखानदारीत जागाच उरली नसती.

आणि जागा कुठली धरायची? मालकाचं ऑफिस अंधेरीला, माल भिवंडीच्या गोदामात, काम सातिवलीत. संख्याशास्त्रात आस्थापना म्हणजे एका जागी चालणारं काम, आणि उपक्रम म्हणजे त्या सगळ्या जागांवर मालकी आणि निर्णय असलेली संस्था. आस्थापना धरली तर सातिवलीचं उत्पादन सातिवलीत दिसतं. उपक्रम धरला तर ते नोंदणीच्या पत्त्यावर, म्हणजे अंधेरीला जाऊन बसतं. २०१५ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाची २०११-१२ या पायाभूत वर्षाची मालिका आली तेव्हा खासगी कंपन्यांच्या बाबतीत दुसरी रीत स्वीकारली गेली. कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे भरलेले ताळेबंद हा आधार झाला. गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतले आर. नागराज यांनी त्यावर ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’तून कडक आक्षेप घेतले आणि ती चर्चा बराच काळ चालली.

त्या आधारातली एक अडचण कंपनीच्या ओळख क्रमांकातच आहे. एकवीस अक्षरांच्या त्या क्रमांकात पहिल्या अक्षरानंतरचे पाच आकडे उद्योगाचा कोड सांगतात, पुढे महाराष्ट्रासाठी एमएच ही अक्षरं, मग स्थापनेचं वर्ष. नोंदणीच्या दिवशी जो धंदा लिहिला तो तिथं बसतो. पुढे कंपनीने प्लास्टिक सोडून व्यापार सुरू केला तरी क्रमांक आपोआप बदलत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७४ व्या फेरीत, २०१६-१७ साली, पाहणी करणारे याच मंत्रालयाच्या यादीतल्या सेवा कंपन्यांच्या पत्त्यांवर गेले. एक तृतीयांशाहून अधिक कंपन्या सापडल्या नाहीत, बंद होत्या किंवा भलत्याच कामात होत्या. २०१९ मध्ये हा अहवाल बाहेर आला तेव्हा मोठी खळबळ उडाली.

सातिवलीत गाळे आले ते याच्या बरेच आधी. मुंबईत जागा परवडेना, सरकारने शहरात नव्या उद्योगांवर निर्बंध घातले, आणि १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप रीतसर मिटलाच नाही. गिरणगाव ओसरलं, लहान उद्योग ठाणे, भिवंडी, वसईकडे पसरले. मोठ्या छपराखालचं काम लहान शटरांत विभागलं गेलं. ज्या मुंबईत कारखान्याची पहिली व्याख्या झाली, तिथून निघालेलं काम त्या व्याख्येच्या कडेवर येऊन बसलं. आठ माणसं, नऊ माणसं. दहावा माणूस ठेवायचा की नाही, हा हिशोब २०१५ पर्यंत लहान मालक खरोखर करायचा. दहाव्या माणसाबरोबर लायसन, तपासणी, नोंदवह्या यायच्या. म्हणून शेजारचा गाळा बायकोच्या नावावर निघायचा, किंवा माणसं कंत्राटदाराची दाखवली जायची. मालकाचा नाइलाज मला कळतो. पण प्रेसवर बोटं गमावणारा कामगार कोणत्या यादीत बसतो हा प्रश्न त्याने सुटत नाही.

दहाच्या खालचं सगळं मोजायला १९७७ मध्ये आर्थिक गणना सुरू झाली. पहिल्या गणनेत किमान एक पगारी माणूस असलेल्याच बिगरशेती आस्थापना होत्या. १९८० च्या दुसऱ्या गणनेत एकट्याने किंवा घरच्यांनी चालवलेले धंदेही आले. मग १९९०, १९९८, २००५ आणि २०१३. प्रगणक गल्लीगल्लीतून फिरतो, दारावर क्रमांक घालतो आणि विचारतो: इथं काय चालतं, किती जण, त्यांतले पगारी किती, बायका किती. सहाव्या गणनेत देशात ५.८५ कोटी आस्थापना निघाल्या, त्यांतल्या साधारण ६१ लाख महाराष्ट्रात. प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा सातिवली ठाणे जिल्ह्यात होतं; पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला.

या गणनेत एक रकाना होता जो गाडगीळांच्या प्रश्नाला उत्तर देऊ पाहत होता: काम घराच्या आत चालतं का? वसई-नालासोपारा पट्ट्यात दुपारी कुणाच्याही खोलीत डोकावलं तर त्या रकान्याचं महत्त्व कळेल. खाटेवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर खड्यांची पुडी, बाजूला गमची नळी, आणि पोरांचा अभ्यास घेत बाई पिनांना खडे चिकटवते आहे. माल कंत्राटदार आणून देतो, डझनावर पैसे. ती गाळ्याची कामगार नाही, कारण गाळ्याच्या हजेरीत तिचं नाव नाही. कागदोपत्री ती स्वतःचा उपक्रम चालवणारी उद्योजिका ठरते. १९६१ च्या जनगणनेत घरगुती उद्योगाची जी व्याख्या केली होती तिच्यात खेड्यात असं काम गावात कुठेही चाललं तरी धरायचं, शहरात मात्र घराच्या आतच. सातिवली आता महापालिकेत आहे. प्रगणक दारात उभा राहिला आणि त्याने विचारलं, “ताई, तुम्ही काही काम करता का?” तर बहुतेक वेळा उत्तर येतं, “नाही हो, घरीच असते.” हातात पिन असतानाच येतं. प्रश्न बदलून “घरी बसून काही बनवून देता का, त्याचे पैसे मिळतात का?” असा विचारला तरच ती मोजली जाते. राष्ट्रीय उत्पन्नातल्या एका ओळीचं खरेखोटेपण या दोन प्रश्नांतल्या फरकावर टेकलेलं आहे.

लघुउद्योगाची व्याख्या मात्र माणसांवरून पैशाकडे सरकत गेली. १९५५ मध्ये पाच लाखांपर्यंतची मालमत्ता आणि वीज असल्यास पन्नासपेक्षा कमी कामगार अशी दुहेरी अट होती. १९६० मध्ये कामगारांची अट गेली. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म, लघु, मध्यम असे तीन थर केले. जुलै २०२० पासून गुंतवणुकीबरोबर उलाढालही धरली जाऊ लागली आणि १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा अडीच कोटींची गुंतवणूक आणि दहा कोटींची उलाढाल झाली. उद्यम नोंदणी करताना गाळेवाला मोबाइलवर स्वतःच पाच आकडी कोड निवडतो. बँकेच्या कर्जासाठी कोणता कोड सोयीचा, हे तो एजंटला विचारतो, आणि तोच कोड आकडेवारीत जातो.

एवढ्या याद्या असूनही मध्ये फट राहते. वार्षिक औद्योगिक पाहणी नोंदलेले कारखाने घेते. २०२१ पासून दरवर्षी होणारी असंघटित उपक्रमांची पाहणी एकल मालकी, भागीदारी असे धंदे घेते, कंपन्या सोडून. २०२३-२४ मध्ये तिने देशात ७.३४ कोटी उपक्रमांचा अंदाज दिला. आता एखाद्या गाळ्याने प्रायव्हेट लिमिटेड केलेलं आहे आणि माणसं आठच आहेत. पहिल्या पाहणीत तो नाही, कारण कारखाना नाही. दुसरीत नाही, कारण कंपनी आहे. उरतो तो ताळेबंद, आणि त्यात आठ माणसं दिसत नाहीत, रक्कम दिसते.

शंभर, पन्नास, वीस, दहा. १८८१ ते १९४८ ही रेषा खाली येत गेली, आणि प्रत्येक पायरीमागे कुणाच्या तरी सभा, सह्या, साक्षी होत्या. २०१५ मध्ये महाराष्ट्राने फॅक्टरी ॲक्टमध्ये दुरुस्ती केली आणि इथं ती पहिल्यांदा वर गेली: विजेवर चालणाऱ्यांसाठी वीस, विजेविना चाळीस. केंद्राच्या २०२० च्या श्रमसंहितेतही हेच आकडे आले. लहान उद्योगाला मोकळा श्वास मिळावा हे कारण दिलं गेलं, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. पण इन्स्पेक्टरची वही आणि आकडेवारीची वही आपल्याकडे एकच आहे. चौदा माणसांचा गाळा तपासणीतून सुटला की मोजणीच्या मूळ यादीतूनही निघतो. तपासणी कुणाची करायची आणि मोजायचं कुणाला, हे दोन निर्णय वेगळे करणारी उद्योगांची स्वतंत्र, दरवर्षी ताजी होणारी नोंदवही हवी, अशी मागणी संख्याशास्त्रज्ञ कित्येक वर्षं करत आले आहेत. सातवी आर्थिक गणना २०१९ मध्ये सुरू झाली, पालघर जिल्हा झाल्यानंतरची पहिली. प्रगणक या वेळी मोबाइल घेऊन फिरले, आणि तिचे निष्कर्ष अद्याप अधिकृतपणे प्रसिद्ध झालेले नाहीत.